शुक्रवारचे मसुदे

लोकसभेच्या कामकाजात शुक्रवारचे अखेरचे अडीच तास मंत्री नसलेल्या सभासदांसाठी राखून ठेवलेले असतात; आणि नेमक्या त्याच सुमारास, मतदारसंघाकडे परतणाऱ्यांची पावले स्टेशनाच्या आणि विमानतळाच्या वाटेला लागल्यामुळे, ओस पडत चाललेल्या बाकांसमोर एखादा चिकाटीचा सभासद आपल्या विधेयकातील कलमे समजावून देत उभा असलेला दिसतो. सभासद सत्तारूढ पक्षाचा असो वा विरोधी, तो मंत्री नसला की त्याचे विधेयक खासगी ठरते, आणि खासगी विधेयकाची गती बहुधा ठरलेली असते: मंत्रिमहोदय सभासदाच्या तळमळीची प्रशंसा करतात, सरकार यथावकाश स्वतःच सर्वंकष कायदा आणणार असल्याची ग्वाही देतात, विधेयक मागे घेण्याची विनंती करतात, आणि सभागृहाच्या अनुमतीने ते मागे घेतले जाते. ज्यांच्या नशिबी चर्चाही येत नाही, अशी कितीतरी लोकसभेच्या विसर्जनाबरोबर आपोआप रद्दबातल होतात. स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके कायदा झाली, आणि त्यांतले अखेरचे १९७० सालचे.

एवढ्यावरून ही सारी खटपट व्यर्थ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ठरावाला सहानुभूतीने वाटेला लावता येते. परंतु अट कोणती, खर्च कोणाचा आणि अंमल कोणाचा हे कलमवार लिहून दाखल केलेला मसुदा नामंजूर करणाऱ्यालाही आपली हरकत कोणत्या कलमाला आहे ते दप्तरी नोंदवावे लागते. गोपाळ कृष्ण गोखल्यांना हा भेद पुरता उमगलेला होता. १९१० साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याविषयीचा ठराव व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मांडला आणि सरकारी आश्वासनावर तो मागे घेतला. पुढल्याच वर्षी, १६ मार्च १९११ रोजी, ते थेट विधेयक घेऊन उभे राहिले. किती संकोची, किती सावध होता तो मसुदा! प्रारंभी केवळ सहा ते दहा वर्षांचे मुलगे. तेही जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील अशा गावी. तेथेही नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने वरून मंजुरी मिळवल्यावर. आणि फीची माफी कोणाला, तर दरमहा १० रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकाला. सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून अवघ्या बडोदे संस्थानात जी सक्ती चालवली होती, तिच्यापुढे ही मागणी म्हणजे निव्वळ अर्ज होता. तरीही सरकारी सभासदांच्या बहुमताने १९ मार्च १९१२ रोजी तो १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळला. गोखले १९१५ साली गेले. त्यांच्या मागे तीन वर्षांत विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा संमत करून घेतला, आणि तोही खासगी सभासद या नात्यानेच. सबंध देशापुरता हा हक्क राज्यघटनेत लिहिला जाण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले.

जी १४ विधेयके तरली, त्यांतील फिरोज गांधींचे मला सर्वांत रोचक वाटते. सभागृहातील भाषणाबद्दल सभासदावर खटला होऊ शकत नसे, परंतु तेच भाषण छापणाऱ्या संपादकाला तसे संरक्षण नव्हते. ही विसंगती त्यांनी १९५६ च्या कायद्याने दूर केली, आणि पुढल्याच वर्षी मुंदडा प्रकरणावरील त्यांचे स्वतःचे भाषण वृत्तपत्रांना निर्धास्तपणे छापता आले. त्या प्रकरणाची चौकशी छागलांनी केली आणि अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. हा कायदा आणीबाणीत रद्द झाला, तो कर्त्याच्या पत्नीच्या राजवटीत! जनता सरकारने १९७७ साली तो पुन्हा आणला आणि पाठोपाठ त्यातील तत्त्व घटनेतच गोवून टाकले.

बॅरिस्टर नाथ पै यांच्या विधेयकाची कथा याहून विलक्षण. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निर्णय गोलकनाथ खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने एका मताच्या आधिक्याने फेब्रुवारी १९६७ मध्ये दिला, आणि एप्रिल उजाडताच, सरकार अद्याप विचारात गढलेले असताना, राजापूरच्या या समाजवादी सभासदाने घटनेच्या ३६८ व्या कलमाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. संयुक्त समिती झाली, वादविवाद रंगले. विरोधी बाकांवरचा माणूस संसदेच्या, म्हणजे व्यवहारतः सत्ताधाऱ्यांच्याच, हाती अमर्याद अधिकार देऊ पाहतो आहे, ही टीका त्यांनी सोसली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली, विधेयक तिच्याबरोबर गेले, आणि पुरते चार आठवडेही लोटले नव्हते तोच, १९७१ च्या जानेवारीत, बेळगावी नाथ पैंचे निधन झाले. त्याच वर्षअखेर चोविसाव्या दुरुस्तीने त्यांचे म्हणणे घटनेत दाखल झाले. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावण्याची मात्र मनाई केली. त्यानंतरच्या आणीबाणीचा विचार करता, टीकाकारांची भीती निराधार नव्हती आणि ही मनाई घातली गेली ते बरेच झाले, असे मला वाटते. नाथ पैंनाही ते फारसे खटकले नसते, अशी आपली माझी समजूत.

तमिळनाडूच्या तिरुची शिवा यांनी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी आणलेले विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी संमत केले. एखाद्या सभागृहाने खासगी विधेयकास मान्यता द्यावी, असे ४५ वर्षांत घडले नव्हते. लोकसभेत ते तडीस गेले नाही, आणि सरकारने २०१९ साली याच विषयावर आपला कायदा केला. शिवांच्या मसुद्यात शिक्षणात व नोकऱ्यांत आरक्षण होते. सरकारी कायद्यातून ते गळाले आणि ओळखीच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची तरतूद तेवढी आली. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला कोणती कलमे गाळली गेली ते एकेक करून दाखवता येते, आणि तृतीयपंथीयांच्या बाजूने या कायद्याविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हाती निदान तेवढा कागद आहे.