साधं किट आणि अठ्ठावीस नंबरची तार

रेसिंग कारची छोटी मॉडेलं जोडणाऱ्यांमध्ये अलीकडे एक समज घट्ट होत चालला आहे. किट साधं असेल तर त्यासोबत तयार 'डिटेल सेट' घ्यायलाच हवा, नाहीतर मॉडेल कुणाला दाखवण्याच्या लायकीचं होत नाही, असं सांगितलं जातं. या सेटमध्ये पातळ पत्र्यातून कोरलेली बकलं असतात, तयार पाइप असतात, टाचणीच्या टोकाएवढे बोल्ट असतात. पुष्कळदा सेटची किंमत मूळ किटच्या पुढे जाते. परदेशातून मागवला तर टपाल आणि कस्टम ड्युटी वेगळी. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे, त्याचंच मॉडेल चांगलं.

मला हे मान्य नाही. माझं म्हणणं असं आहे की साधं किट घ्यावं आणि त्यातला तपशील स्वतःच्या हातानं घालावा. पैसे वाचतात हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा हा की हातानं तपशील घालणाऱ्याला ते यंत्र आधी समजून घ्यावं लागतं.

उदाहरण म्हणून तामिया या जपानी कंपनीचं टायरेल पी३४ चं किट घेऊ. माप १/२०, म्हणजे खऱ्या गाडीचा विसावा भाग. ही सहा चाकांची फॉर्म्युला वन गाडी. डेरेक गार्डनर यांनी तिची रचना केली. पुढची चार चाकं अवघ्या दहा इंचांची होती. ती नाकाच्या आड राहावीत, समोरून येणाऱ्या हवेला कमी अडवावं, आणि चार टायर असल्यामुळे पकडही मिळावी, असा विचार त्यामागे होता. १९७६ साली स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये जोडी शेक्टर पहिला आला आणि पॅट्रिक देपाये दुसरा. दोघंही याच गाडीत होते.

गाडीच्या मागच्या बाजूला कॉसवर्थ डीएफव्ही हे आठ सिलिंडरचं इंजिन. कीथ डकवर्थ यांचं हे इंजिन ४ जून १९६७ रोजी झांडफोर्टला पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि जिम क्लार्कनं त्याच दिवशी शर्यत जिंकली. हे इंजिन नुसतं गाडीत बसवलेलं नसे, तर ते स्वतःच गाडीच्या सांगाड्याचा भाग असे. गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन त्याच्याच आधारानं उभं. त्यामुळे मॉडेलमध्येही नजर पहिल्यांदा तिथंच जाते.

साध्या किटमध्ये हे इंजिन प्लास्टिकच्या भागांतून नीट उभं राहतं, पण ते मुकं वाटतं. कारण त्याला वायरी नसतात, नळ्या नसतात. डीएफव्हीत सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत डिस्ट्रिब्युटर बसतो. त्याच्यापासून आठ स्पार्क प्लगना आठ वायरी जातात, आणि कॉइलकडून एक वायर त्याच्याकडे येते. एकूण नऊ. खऱ्या प्लगची वायर साधारण साडेसात मिलिमीटर जाड धरली तर विसाव्या मापात ती पावणेचार दशांश मिलिमीटर होते.

आता एवढी बारीक वायर आणायची कुठून? कोपऱ्यावरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून. तिथं तांब्याची वाइंडिंग वायर नंबरावर मिळते आणि अठ्ठावीस नंबरची तार जवळजवळ याच जाडीची असते. हातभर तुकडा मागितला तर बहुतेक दुकानदार पैसेही घेत नाहीत. स्टीलची जाळी चढवलेली नळी हवी असेल तर त्याच तारेवर छत्तीस नंबरची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची. जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे खऱ्यात पंधरा मिलिमीटरची नळी. बारीक वायरचं प्लास्टिकचं वेष्टन मिलिमीटरभर कापून टोकाला सरकवलं आणि लाल-निळा रंग दिला की नळीचा जोड तयार. सीटबेल्टची पट्टी खऱ्यात तीन इंच रुंद, म्हणून मॉडेलमध्ये पावणेचार मिलिमीटर. मास्किंग टेप दुमडून रंगवला तर तो मांडीवर कापडासारखा पडतो. पत्र्याचा बेल्ट मात्र ताठच राहतो.

मात्र मोजमाप करणाऱ्यानं थांबायचंही मोजून ठरवावं. विसाव्या मापाचं मॉडेल एक फुटावरून पाहणं म्हणजे खरी गाडी वीस फुटांवरून पाहणं. वीस फुटांवरून सीटबेल्ट दिसतो, प्लगच्या वायरी दिसतात, पुढच्या चार ब्रेकना जाणाऱ्या नळ्याही दिसतात. रिव्हेटचं डोकं जेमतेम दिसतं. तरीही काही जण ठसठशीत रिव्हेट उठवतात, आणि मग ती गाडी खिळे ठोकलेल्या पेटीसारखी दिसते. तपशील वाढला म्हणून खरेपणा वाढतोच असं नाही. प्रत्येक वायर कुठूनतरी निघून कुठंतरी पोहोचली पाहिजे, तिला काहीतरी काम असलं पाहिजे.

माझा भाचा दहावीनंतर गॅरेजात लागला. मॉडेलच्या छंदाशी त्याचा काही संबंध नाही. एकदा मी त्याला एका महागड्या मॉडेलचा फोटो दाखवला. त्यात विकतचे सुटे भाग ठासून भरलेले होते. त्यानं क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "मामू, ये रबर का पाइप तो सायलेन्सर को लगके गया है. जल जाएगा ना." बाकी कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. मॉडेल बनवणाऱ्यानं पैसे भरपूर खर्च केले होते, पण पाइपला काय सोसावं लागतं हे त्याला कधी कळलं नव्हतं. भाच्याला ते रोज हाताला बसणाऱ्या चटक्यांतून कळतं.

आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरं अशी गॅरेजात आहेत, डेंटिंग-पेंटिंगला आहेत, सीटकव्हर शिवतात, मोटरी भरतात. त्यांच्या हुनरला 'शिकला नाही म्हणून' असं एक शेपूट कायम लागलेलं असतं. बाहेरचे 'पंक्चरवाला' म्हणून हिणवतात, आणि घरचेही लग्नाच्या बोलणीत मुलाचं काम जरा दबक्या आवाजातच सांगतात. छंदाच्या जगातही हेच चालतं. तिथं खरेदीला जाणकारी समजतात आणि हाताच्या कामाला काटकसर. तामियाचं उदाहरण तर याच्या अगदी उलट आहे. पोर्शे ९३४ चं किट करताना त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. जगातली नावाजलेली किटं बनवणाऱ्यांनीही आधी पाना हातात घेतला होता.

तयार सेटच्या बाजूनंही बोलता येतं. ज्यांची नजर अधू झाली आहे, हात थरथरतो किंवा ज्यांना आठवड्यातून एकच तास मिळतो, त्यांनी बकलं खुशाल विकत घ्यावीत. काही वस्तू हातानं तेवढ्या बारीक होतही नाहीत. माझी हरकत क्रमाला आहे. आधी फोटो पाहावा, वायर कुठं जाते ते शोधावं, हातानं करून बघावं आणि अडलं तर विकत घ्यावं. आज नवख्या पोराला पहिल्याच दिवशी खरेदीची यादी दिली जाते आणि ती पाहूनच तो परत फिरतो.

तेव्हा कुणाला सुरुवात करायची असेल तर सीटबेल्ट आणि नऊ वायरी एवढंच करा. एक साधं किट, धारदार ब्लेड, चिमटा, बारीक भोकं पाडायला हातानं फिरवायचं पिन-वाइस आणि अठ्ठावीस नंबरची तार पुरेल. आणि नळी कुठून न्यावी ते कळेना, तर इंटरनेटवर शोधण्याआधी गाडीचा फोटो घेऊन जवळच्या गॅरेजात जा. तिथल्या पोराला विचारा. तो फोटो मोठा करून बघेल, आणि बहुधा तुम्ही विचारलं नव्हतं तेही सांगेल.