आरंभीची दहा मिनिटे

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील अपरिचित उतारा ज्याला उमगला नाही त्याची भाषाच कच्ची, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. परंतु घरी तशाच उताऱ्याचा आशय नीट सांगणारी मुले परीक्षादालनात एकच ओळ पुनःपुन्हा वाचीत बसतात, तेव्हा दोष भाषाज्ञानाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. वाक्याचा पूर्वार्ध ध्यानात धरून उत्तरार्धाशी जोडण्यासाठी स्मृतीचे जे अल्पसे भांडवल लागते त्यावरच चिंता हात मारते, आणि परभाषेत, जिथे एकेका शब्दापायी त्यातून खर्च करावा लागतो, तिथे दिवाळे लवकर निघते. परभाषेच्या वर्गातील या भयाचे मापन करणारी ३३ विधानांची प्रश्नावली इलेन हॉर्विट्झ व सहकाऱ्यांनी १९८६ सालीच प्रसिद्ध केली होती.

महाराष्ट्र राज्य मंडळाने २०२३ पासून, प्रश्नपत्रिका फुटल्याच्या अफवांची सबब सांगून, ती दहा मिनिटे आधी हाती देण्याची सवलत रद्द केली आणि तितकाच वेळ अखेरीस वाढवून दिला. घड्याळाच्या हिशेबाने हा व्यवहार चोख असेलही. पण ज्या अवधीत वाचनाखेरीज काहीच अपेक्षित नव्हते, आणि म्हणून छातीतली धडधड शमण्यास वाव होता, तो गेला. पदरी पडली ती घाईघाईने पुरवण्या भरण्याची मुदत. बंदोबस्त हवाच, त्याविषयी तक्रार नाही. मात्र प्रश्नपत्रिका सर्वत्र अकरालाच वाटून लेखनास अकरा वाजून दहा मिनिटांनी आरंभ करण्याचा हुकूम काढल्यास गोपनीयतेला बाध येत नाही, आणि दोन वाजून दहा मिनिटांची घंटाही आहे तिथेच राहते.