हरवलेला घुमारा

वाचकहो, चोरी सहसा अंधारात होते. मी सांगतो ती पैठणला भर गर्दीत झाली, आणि चोर मीच होतो!

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. १५९९ साली याच तिथीला एकनाथमहाराजांनी समाधी घेतली. त्या यात्रेत एका वाड्यातले कीर्तन ध्वनिमुद्रित करायला मी गेलो होतो. साथीला सत्तरी ओलांडलेले मृदंगी बुवा. मी मृदंगाच्या दोन्ही पुड्यांसमोर एकेक माइक लावला. कानांवरच्या हेडफोनमध्ये एक डावीकडे, दुसरा उजवीकडे, सारे झकास!

रात्री दोन्ही आवाज एकत्र करून एकाच स्पीकरवर बुवांना ऐकवले. शाईच्या पुडीचा टणत्कार होता, पण डाव्या पुडीचा घुमारा बेपत्ता! बुवांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "कणीक वाळली होती का हो? की डावा हातच गेला माझा?"

हात शाबूत होता. घोळ माझा होता. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत दबते आणि खोडातली हवा उजवीला बाहेर ढकलते. एकाच क्षणी एक माइक म्हणतो 'ओढ', दुसरा म्हणतो 'ढकल'. झोपाळा दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम ढकलला तर हलेल कसा? माइकच्या तारेत दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना उलट जोडल्या गेल्या, तरी असेच होते. उपाय सोपा: एका माइकची ध्रुवता उलटवणारे बटण दाबायचे.

अंतराचा घोळ मात्र बटणाने मिटत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. एक माइक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब असला, की आवाज तिथे सेकंदाचा हजारावा भाग उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र करताच ५०० कंपनांचा स्वर खाल्ला जातो. याला कलांतर म्हणतात. कीर्तनकार मागेपुढे नाचले की खाल्ला जाणारा स्वरही बदलतो! म्हणून माइक वक्त्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरा माइक ठेवावा. आणि आरंभीच दोन्ही माइक शेजारी धरून बोलावे, एकत्र ऐकावे. आवाज पोकळ आला, तर तार उलटी समजावी.

नशीब माझे, दोन्ही आवाज वेगळे साठवले होते. जागेवरच एकत्र केले असते, तर गेलेला घुमारा ब्रह्मदेवालाही परत आणता आला नसता.

बटण दाबले. घुमारा आला. बुवांनी डोळे मिटले आणि त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप चालू लागला.