कोपऱ्याची मजुरी



गेल्या हिवाळ्यात आमच्या लातूरच्या शिवणगटाला 25 रजयांचं काम मिळालं. व्यापारी बाहेरगावचा. त्याने सोबत नमुना पाठवला होता : मध्ये साधे उभे-आडवे टाके, चारी काठांवर पिसांची वेल आणि कोपऱ्यात तीच वेल न तुटता वळलेली. दर नगावर ठरला. काठाच्या नक्षीचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "त्याचं काय वेगळं? बायकांना हौसच असते की!" आम्हीही हसलो. तेच हसू आता डाचतं आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या शिवणीत मशीनचे दात कापड पुढे सरकवतात. इथे ते दात खाली पाडून टाकायचे. मग मशीन फक्त सुई वरखाली करतं, कापड फिरवायचं ते दोन्ही हातांनी. हात घाईत गेला तर टाका लांब पडतो, हात रेंगाळला तर एकाच जागी टाक्यांची गाठ होते. आधी वेलीचा कणा शिवायचा. मग कण्यातून एकेक पीस वर न्यायचं, गोल वळवायचं आणि आधीच्या पिसाच्या पाठीवरून नेमकं परत कण्याशी आणायचं. कोपऱ्यात कणा वळला की आतल्या बाजूची पिसं दाटीवाटीने बसतात, बाहेरची पंख्यासारखी फाकतात. म्हणून जाणती बाई कोपरा आधी आखते आणि तिथून काठाच्या मध्याकडे येते. आमच्या गटातल्या सर्वांत तरबेज ताईंना पहिल्या कोपऱ्याला सव्वा तास लागला. एवढा वेळ रजईचा जड गोळा मांडीवर आणि खांद्यावर.

आता हिशेब पाहा. रजई साडेसात फूट बाय आठ फूट, म्हणजे 60 चौरस फूट. एक फूट रुंदीचा काठ चारी बाजूंनी धरला तर तो होतो 27 चौरस फूट. जवळजवळ निम्मी रजई! तीही सर्वांत अवघड निम्मी. तीच हौसेत जमा.

दोष एकट्या व्यापाऱ्याचा नाही. खर्चाचं पत्रक मीच केलं होतं. समाजकार्याची पदवी घेताना असली पत्रकं पुष्कळ केली. कापड, भरण, दोरा, वीज, शिलाई असे रकाने मांडले. नक्षी आखण्याला रकानाच नव्हता. मला तो सुचलाच नाही, कारण आई-आजीच्या गोधडीला मी कधी काम म्हणून पाहिलं नव्हतं.

आपल्याकडे वाकळ, गोधडी घरोघर झाली ती जुन्या लुगड्यांची, धोतरांची. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की अंगणात थर पसरायचे आणि काठापासून आत-आत धावदोरा घालत यायचं. ती विकायची नव्हती म्हणून तिला मोल नव्हतं. आजवरच्या जनगणनांतही फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' याच रकान्यात पडत आली. शहरांत दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. तिथेही घासाघीस होते ती गोधडीच्या आकारावरून, टाके कोणी मोजत नाही.

पण बायकांनी स्वतः तो काठ कधी फालतू मानला नव्हता. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या किल्लारीकडच्या एक मावशी सांगत होत्या. मदतीत आलेली पांघरुणं सगळी एकसारखी. कोणतं कोणाचं कळेना. तेव्हा त्यांनी आपल्या पांघरुणाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घातले. "घर गेलं, भांडी गेली, पण हे माझं, एवढं तरी कळावं ना," त्या म्हणाल्या.

पिसांची ही नक्षी इंग्लंडच्या उत्तर भागातल्या, डरहॅमकडच्या रजयांवर फार जुनी. तिकडच्या खाणकामगारांच्या बायकांनी, विधवांनी तिच्यावर घरं चालवली. ॲलनहेड्स या खेड्यात एलिझाबेथ सँडरसन नावाची बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रजईच्या कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी आखून देत असे. लांबून लोक कापड पाठवत, ती आखून परत करत असे. शिवणारी दुसरीच. आणि आखणीचे पैसे वेगळे! म्हणजे नक्षी हे स्वतंत्र कसब आहे, त्याची स्वतंत्र मजुरी असते, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका खेड्यात लोकांना मान्य होतं.

घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणारी बाई कामगारच, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 177 व्या ठरावाने 1996 मध्ये म्हटलं. भारताने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे 2008 च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि नंतर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तिची व्याख्या तेवढी आली. व्याख्येने दर मिळत नाही.

आमच्या गटाची बैठक यावरच दोन तास चालली. एक काकू स्पष्ट म्हणाल्या, "ताई, जास्त ताणू नका. उद्या हे काम नांदेडला गेलं तर माझ्या पोरीची फी तुम्ही भरणार का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं भय खोटं नव्हतं. नांदेडलाही आपल्यासारख्याच बायका आहेत, आणि त्यांना कमी दरात राबवूनच आपल्याला गप्प केलं जाईल. शेवटी नवं पत्रक केलं. आखणी, काठ आणि कोपरे हे तीन रकाने वेगळे. काकूंनीही सही केली, पण नाराजीने. व्यापाऱ्याने कोपऱ्यांचे नगावर वेगळे पैसे मान्य केले, काठाचा दर थोडा वाढवला, आखणीला मात्र नकार दिला. काम आम्ही घेतलं आहे. आखणीचा रकाना पत्रकात तसाच ठेवला आहे, रिकामा.

नांदेड, परभणी, उस्मानाबाद (आता धाराशिव), सोलापूरकडच्या गटांना विनंती : तुमच्याकडे गोधडी, रजई, दुपट्यांच्या कामात काठ-कोपऱ्याचे पैसे कसे धरतात, आखणी कोण करतं आणि तिला काय मिळतं, ते आकड्यांसह लिहून पाठवा. व्यापाऱ्याचं नाव नको, दर हवा. पुढच्या अंकात सगळे दर शेजारी-शेजारी छापू.