पोकेमॉनच्या मैदानातला पंच कुणाचा?

माझ्या बहिणीचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या ईदला तो आमच्याकडे राहायला आला आणि दोन दिवस पोकेमॉनशिवाय दुसरं काही बोलला नाही. जेवताना त्यानं मला थेट सवाल केला, "मामू, चॅरिझार्ड लढलाच नाही, तरी अ‍ॅशला हरवलं. पंचानं चीटिंग केली ना?" मी म्हटलं, नाही बेटा, त्या अख्ख्या मालिकेत पंचानं दिलेला तो सगळ्यात बरोबर निर्णय होता. त्यानं शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

त्याची समजूत काढता काढता माझ्या लक्षात आलं की हीच तक्रार मी तिशीतल्या लोकांकडूनही ऐकली आहे. 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन पाहत वाढलेली ही पिढी. आज ती बँकेत, शाळेत, आयटीत नोकरी करते, पण त्या पंचाला तिनं अजून माफ केलेलं नाही. म्हणून हा लेख.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1996 मध्ये जपानात हा व्हिडिओ गेम आला, एप्रिल 1997 मध्ये मालिका. मुलं जंगलातले अद्‌भुत जीव पकडतात, पाळतात, शिकवतात आणि एकमेकांशी झुंजवतात. जीव मरत नाही, फक्त बेशुद्ध पडतो आणि दवाखान्यात बरा होतो. मैदानाच्या कडेला एक पंच उभा असतो, हातात लाल आणि हिरवा झेंडा. एखादा जीव कोसळला की तो जाहीर करतो, अमुक आता लढू शकत नाही, आणि जिंकणाऱ्या बाजूचा झेंडा वर करतो. बहुतेक वेळा त्याला नाव नसतं.

आता तो सामना. कांटो लीगमध्ये अ‍ॅशची गाठ त्याचा मित्र रिची याच्याशी पडते. टीम रॉकेटच्या तावडीतून सुटून अ‍ॅश उशिरा मैदानात पोहोचतो. सुटकेच्या झटापटीत त्याचे जीव आधीच थकलेले आहेत. निर्णायक क्षणी तो चॅरिझार्डला बोलावतो, आणि चॅरिझार्ड पुढे लढायला नकार देऊन मैदानातच पसरतो. पंच अ‍ॅशला बाद करतो.

चाहते म्हणतात, हा अन्याय आहे. चॅरिझार्ड जखमी नव्हता, बेशुद्ध नव्हता, त्याच्यात ताकद होती. मी विचारतो, मग पंचानं काय करायला हवं होतं? त्याला काठी मारून उठवायला हवं होतं? अ‍ॅशला वेळ वाढवून द्यायला हवा होता, म्हणजे तो ओरडून ओरडून त्याला उभा करेल? ज्याला झुंजवायचं त्यानंच "नाही" म्हटलं. मालिकेत जीव माणसासारखे बोलत नाहीत (मियाऊथ सोडून), पण मैदानात आडवं पसरण्याइतकी स्पष्ट भाषा दुसरी कुठली? त्या पंचानं ती ऐकली. नियमाच्या पुस्तकातून का होईना, ऐकली. अ‍ॅशचं नुकसान झालं हे खरं, पण पंच काही अ‍ॅशच्या नुकसानभरपाईसाठी तिथे उभा नव्हता.

माझी तक्रार नेमकी उलट आहे. हा पंच फार कमी वेळा थांबवतो. त्याच सामन्यात थकलेले जीव उतरवले गेले, तेव्हा कुणी त्यांना तपासलं? उशिरा आला म्हणून ट्रेनरला जाब विचारण्याची तयारी होती, जीव कुठल्या अवस्थेत आहे हे पाहण्याची नव्हती. आपल्या महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीवरून किती वर्षं कोर्टकचेरी चालली. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी, मग राज्याचा कायदा, 18 मे 2023 रोजी घटनापीठानं तो कायदा कायम केला. त्या शर्यतींबद्दल माझं मत काहीही असो, नियमांत पशुवैद्याची तपासणी लिहिलेली आहे. पाळली जाते की नाही हा वेगळा वाद. पण काल्पनिक जगात, जिथे लेखकाला हवं ते लिहिता येतं आणि दवाखान्यात फुकट उपचार मिळतात, तिथे ही ओळ लिहायला कुणाच्या हाताला काय झालं होतं?

पॉलचं उदाहरण घ्या. हा ट्रेनर आपल्या चिमचारवर सरावाच्या नावाखाली इतर जीवांचा मारा करवतो. हार्टहोमच्या जोडी-स्पर्धेत समोर झँगूस दिसताच ते पिल्लू भीतीनं थिजून जातं. पॉल त्याच्याकडे पाठ फिरवतो. सामना चालू राहतो. पंच गप्प. का? कारण चिमचार पडला नव्हता, पायांवर उभा होता. पुढे पॉल त्याला टाकून देतो आणि अ‍ॅश त्याला जवळ करतो. मालिका आपल्याला पॉलचा राग यायला लावते, त्या कडेला उभ्या असलेल्या झेंडेवाल्याचा नाही. मला त्याचाच जास्त आला. पॉल निदान आपण कसे आहोत हे लपवत नव्हता.

"उभा आहे म्हणजे लढू शकतो" हा नियम खऱ्या जगातही माणसांचा जीव घेऊन बसला आहे. 24 मार्च 1962 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ आणि बेनी पॅरेट यांची लढत होती. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात दोरांना टेकलेला होता, ठोसे पडत होते आणि तो खाली पडत नव्हता. पंच रूबी गोल्डस्टीन अनुभवी माणूस, पण मध्ये पडायला त्यांना उशीर झाला. पॅरेट दहा दिवसांनी गेला. त्यानंतर गोल्डस्टीन यांचं पंचगिरीचं काम जवळपास संपलंच. माणूस पडण्याची वाट पाहणारा पंच हा मोजणीदार असतो. पडायच्या आधी मध्ये घुसतो तो पंच.

कुणी म्हणेल, कार्टून आहे, इतकं काय मनावर घेता. हाच माणूस कांटो लीगच्या निकालावर तासभर भांडू शकतो.

आणि आपल्या लोकांनीही या विषयात फार उजेड पाडलेला नाही. 2001 मध्ये सौदी अरेबियातल्या उलेमांनी पोकेमॉनवर फतवा काढला. आक्षेप काय होते, तर त्यातला जुगार आणि पत्त्यांवरची चिन्हं. चांदण्या-त्रिकोण मोजत बसलेल्यांना मैदानात पडलेला जीव काही दिसला नाही. वास्तविक जनावरांना एकमेकांवर सोडून झुंजवायला नबींनी (स.) मनाई केल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. इतकी हाताशी असलेली गोष्ट सोडून चिन्हांमागे लागायचं, ही आपली जुनी खोड. मी कार्टून बंद करा म्हणत नाही. भाच्याचा टीव्ही मी बंद केलेला नाही. पण आक्षेप घ्यायचाच तर नेमक्या जागी घ्या.

पंच कुणाचा, हाही प्रश्न आहेच. लुमिओस जिमचा प्रमुख क्लेमाँट अ‍ॅशशी लढतो तेव्हा पंचाचं काम करतो क्लेमबॉट, खुद्द क्लेमाँटनंच बनवलेला यंत्रमानव. आमच्या गावच्या आखाड्यात पैलवानाच्या चुलत्याला पंच केलं तरी लोक फड उधळतील! पुढे जागतिक मालिकेतल्या बऱ्याच सामन्यांत उडता ड्रोन-रोटोम पंच झाला. यंत्र पक्षपात करत नाही असा युक्तिवाद येईल. मान्य. पण जीव कोसळला हे यंत्राला दिसेल, जीव घाबरला हे दिसेल का? माणसाला पंच नेमतात ते याच फरकासाठी, आणि माणूस पंच तोच फरक वापरत नसेल तर ड्रोन आला म्हणून रडण्यात अर्थ नाही.

माझी मागणी छोटी आहे. पंचाला एक अधिकार द्या, उभ्या असलेल्या जीवाचा सामना थांबवण्याचा. ट्रेनर ओरडेल, प्रेक्षक बोंबलतील, माझा भाचा वाटी बाजूला सारेल. सारू दे. अ‍ॅश 2022 मध्ये लिऑनला हरवून जगज्जेता झाला आणि 2023 मध्ये मालिकेतून बाहेरही पडला. एप्रिल 2023 पासून लिको आणि रॉय यांची नवी गोष्ट सुरू आहे. नवी मुलं, नवे जीव, नवी मैदानं. झेंडेवाला मात्र अजून कुणीतरी पडायची वाट बघत तसाच उभा आहे.