बल्ब काय माय होते?

दोन वर्षांपूर्वी वांकिडीच्या घरी मी वनराजा जातीची चाळीस पिल्लं नेली होती. ही जात हैदराबादच्या राजेंद्रनगरमधल्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठीच तयार केली. दिसायला गावठी, पण अंगानं भरणारी. खोक्यात भुसा घातला, वर शंभरचा बल्ब टांगला, पाण्यात गूळ टाकला. सगळं वाचून केलं होतं. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पिल्लं पंख पाडून बसायला लागली, मागच्या बाजूला पांढरं चिकटलेलं. आठवड्यात सतरा गेली. रोज सकाळी खोकं उघडायची भीती वाटायची.

काकू काही बोलली नाही. पुढच्या खेपेला मात्र मी पिल्लं आणली त्याच दिवशी तिनं हात मध्ये घातला. तिची एक गावठी कोंबडी खुडूक होऊन डालग्याखाली बसलेली होती. "दिवसा ठेवले त टोचून मारते ते. रातच्यानं, अंधारात, येक येक करून पोटाखाली सारायचे," म्हणाली. कोंबडीच्या पंखांत मावतील तेवढी, म्हणजे बारा पिल्लं तिनं सारली. उरलेली बल्बखाली राहिली. कोंबडीखालच्या बारापैकी अकरा जगली. बल्बखाली पुन्हा मर झाली, आधीपेक्षा कमी, पण झाली.

यावरून मोठा निष्कर्ष काढू नका. बारा पिल्लं म्हणजे प्रयोग नव्हे. कोंबडीची ऊब बल्बपेक्षा समान असते आणि वीज गेली तरी ती विझत नाही (आमच्याकडे हा मुद्दा छोटा नाही). पण काकूचं एक वाक्य डोक्यात राहिलं, "बल्ब काय माय होते?" माय उबेशिवाय आणखी काय देते, ते शोधताना मी थेट फिनलंडला पोचलो.

१९७१ साली तिथे साल्मोनेला या जिवाणूमुळे पुष्कळ माणसं आजारी पडली आणि माग निघाला ब्रॉयलर कोंबड्यांपर्यंत. एस्को नुर्मी आणि रंताला या संशोधकांना एक गोष्ट खटकली. मोठ्या कोंबडीला हा जंतू सहजासहजी लागत नाही. एक-दोन दिवसांच्या पिल्लाला मात्र थोडेसे जंतूही पुरतात. असं का?

उत्तर आतड्यात होतं. कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोन आंधळ्या पिशव्या असतात. मोठ्या कोंबडीत त्या दर ग्रॅमला अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंनी गच्च भरलेल्या असतात. मागून आलेल्या साल्मोनेलाला तिथे चिकटायला जागा नाही, खायला उरलेलं नाही, वर त्या जिवाणूंनी सोडलेली आम्लं त्याला सोसत नाहीत. बाजाराच्या दिवशी आसिफाबादच्या बसमध्ये शेवटी चढणाऱ्यासारखी त्याची गत. पिल्लाचं आतडं म्हणजे रिकामी बस. आधी चढेल तो बसेल.

खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लू पहिल्या तासापासून आईच्या विष्ठेत, पिसांत, तिनं उकरलेल्या मातीत चोच घालतं, आणि बस योग्य प्रवाशांनी भरते. यंत्रातल्या पिल्लाला आई दिसतच नाही. अंडी निर्जंतुक केलेली, ट्रे धुतलेले. स्वच्छता हवीच, पण तिच्यात वारसाही धुऊन जातो.

नुर्मी-रंताला यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पातळ करून पिल्लांना पाजला आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. पाजलेली पिल्लं पुष्कळ प्रमाणात वाचली. १९७३ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढे फिनलंडमध्ये असं तयार मिश्रण बाजारात आलं. अमेरिकेत १९९८ साली २९ प्रकारच्या जिवाणूंच्या एका मिश्रणाला परवानगी मिळाली. ते पिल्लांवर फवारत, आणि पिल्लं स्वतःची नि एकमेकांची लव टोचता टोचता ते पोटात घेत. मला ही युक्ती फार आवडली.

काकूच्या पद्धतीच्या सगळ्यात जवळ जाणारं काम मात्र अलीकडचं आहे. चेक प्रजासत्ताकात ब्रनो इथल्या पशुवैद्यक संशोधन संस्थेनं पिल्लांना मोठ्या कोंबडीच्या सहवासात ठेवून पाहिलं. २०१९च्या त्यांच्या निबंधात आहे की कोंबडीचे आतड्यातले जिवाणू पिल्लांत उतरायला एक दिवसाचा सहवास पुरला.

आता लगेच उकिरड्यावरून विष्ठा उचलून पिल्लांच्या पाण्यात कालवू नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण हैदराबादच्या माझ्या भाच्यानं फोनवर हेच विचारलं होतं. त्याच विष्ठेतून रक्ती हगवण, जंत आणि खुद्द साल्मोनेलासुद्धा जातो. बाजारातली मिश्रणं रोगासाठी तपासलेल्या कोंबड्यांपासून वाढवलेली असतात. काकूची कोंबडी तिच्या अंगणात तीन वर्षं होती, कधी आजारी नव्हती. तरी तोही एक जुगारच होता, हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही. शिवाय हा उपाय रोग येण्याआधीचा आहे. हगवण लागलेल्या पिल्लाला कोंबडीखाली सारून ते बरं होत नाही, उलट कोंबडीच बाधते. आणि मानमोडी विषाणूची, तिथे हे जिवाणू कामाचे नाहीत. लासोटाचा थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात घालावाच लागतो.

तुम्ही अंडी-चिकन शहरात विकत घेता, तुमचा यात काय संबंध? संबंध औषधांचा आहे. पिल्लं मरू नयेत म्हणून कोंबडीखाद्यात अँटिबायोटिक घालायची सवय जगभर लागली. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिनसुद्धा आपल्याकडे कोंबड्यांना दिलं जात होतं. भारत सरकारनं २०१९ साली त्यावर बंदी घातली. बंदी घातली की प्रश्न उरतो, मग पिल्लं वाचवायची कशी? हजारो पिल्लांच्या शेडमध्ये काकूची कोंबडी पुरणार नाही. तिथे फवारणीसारखेच मार्ग शोधावे लागतील.

या पावसाळ्यात पिल्लं आणण्याआधी मी काकूला फोन केला. ती म्हणाली, "थांब थोडा. आत्ता कोनी खुडूक नाही." अजून आणलेली नाहीत.