पेटीवरील फिर्यादीस उत्तर

संपादक महाशय,


पेटीस शास्त्रोक्त गायनाच्या बैठकीतून कायमचे बडतर्फ करावे, अशी जी मागणी गतांकातील एका पत्रात करण्यात आली आहे, तिचा मीही एके काळी हिरिरीने पुरस्कार करीत असे. आणि ठरावीक स्वरांत जखडलेल्या या वाद्यातून खरी मींड निघत नाही, हा पत्रलेखकाचा मुख्य आक्षेप मला आजही मान्य आहे. परंतु १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर जारी केलेला मनाईहुकूम १९७१ साली शिथिल झाला, याचीही दखल त्यांनी घ्यावयास हवी होती.

माझे मत पालटले ते नागपुरातील आमच्या महाल भागातल्या एका बैठकीत पेटीवादकाशेजारी बसण्याचा योग आला तेव्हा. गायकाने गंधारावरून षड्जाकडे ओढलेली मींड हुबेहूब उमटणे अशक्य, हे जाणून त्या वादकाने भात्याचा दाब हळूच कमी केला, पहिली पट्टी पुरती सुटण्यापूर्वीच दुसरी दाबली, आणि गायक दम घेईपर्यंत षड्ज मंद धरून ठेवला. गोविंदराव टेंबे यांनी जिच्यावर भास्करबुवा बखले यांची साथ केली, आणि नागपुरातच जन्मलेल्या पं. मनोहर चिमोटे यांनी स्वरमंडळाची जोड देऊन जिची ‘संवादिनी’ घडविली, तिची योग्यता केवळ यंत्ररचनेवरून ठरविणे न्याय्य नव्हे.

पेटीमुळे साथीत मागे पडलेल्या सारंगियांस मानाची बिदागी मिळावी, असा आग्रह पत्रलेखकाने अवश्य धरावा. त्यास माझेही अनुमोदन आहे. मात्र त्यासाठी पेटीस हद्दपार करण्याचे प्रयोजन दिसत नाही.

आपला,
एक वाचक
महाल, नागपूर